पेरूचा पाला आणि अतिसार

घरात कोणाचे पोट बिघडले, की वैद्याकडे धाव घेण्यापूर्वी परसातील झाडांकडे वळण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. कोणी डाळिंबाची साल उगाळून देतो, कोणी जायफळ उगाळतो, कोणी बेलफळाचा मुरंबा काढतो. आणि कित्येक घरी पेरूची कोवळी पाने चावावयास देतात किंवा त्यांचा काढा करून पाजतात. हे उपाय खरोखरच गुणकारी आहेत काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार बालके दर वर्षी अतिसाराने मृत्यू पावतात. ज्या वस्तीजवळ दवाखाना नाही, तेथे पाल्याचा काढा हाच पुष्कळदा पहिला उपचार असतो. तो खरोखर उपयोगी असेल, तर त्याचे ज्ञान सर्वांना व्हावयास हवे. आणि तो केवळ मोलाचा वेळ दवडीत असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे कळावयास हवे.

पेरूचे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. पोर्तुगीजांनी ते भारतात आणले, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे चरक-सुश्रुतांना हे झाड ठाऊक असणे शक्य नव्हते. प्राचीन ग्रंथांनी अतिसारावर सांगितलेली द्रव्ये निराळी आहेत : कुडा, बेल, नागरमोथा, अतिविष, धायटीची फुले. तरीही काही शतकांतच या परदेशी पाहुण्याने आपल्या घरगुती औषधांत स्थान मिळविले. विशेष हे, की मेक्सिकोमध्येही पेरूच्या पानांचा काढा पोटदुखी व जुलाब यांवर देण्याची परंपरा आहे. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या लोकांचा एकाच पानाविषयीचा अनुभव जुळावा, ही गोष्ट शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेण्यास पुरेशी होती. अर्थात अनुभव जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे. बहुतेक अतिसार कोणतेही औषध न घेता काही दिवसांत आपोआपच थांबतो, आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या औषधाला मिळते.

अशा परंपरांची पद्धतशीर नोंद आणि परीक्षा करण्याचे काम बंगळूर येथे १९९३ पासून चालू आहे. त्या वर्षी दर्शन शंकर यांच्या पुढाकाराने ‘फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स’ ही संस्था तेथे स्थापन झाली. शहराच्या उत्तरेस येलहंका भागात असलेल्या या संस्थेत औषधी वनस्पतींच्या वाळवून जतन केलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या काष्ठौषधींचे नमुनेही तेथे ठेवलेले आहेत. याच कार्यातून पुढे कर्नाटक शासनाच्या २०१३ च्या कायद्यान्वये एक स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले.

वाळलेल्या फांद्यांच्या संग्रहाचा आणि जुलाबाच्या औषधाचा संबंध काय, असे एखाद्यास वाटेल. परंतु पाल्याच्या परीक्षेतील पहिली पायरी तीच आहे. लोकांच्या तोंडी असलेले नाव ही वनस्पतीची ओळख नव्हे. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन अगदी निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, आणि ‘शंखपुष्पी’ची स्थिती त्याहूनही घोटाळ्याची आहे. प्रयोगासाठी वापरलेल्या झाडाची फांदी ओळख पटवून जपून ठेवलेली नसेल, तर पुढील सर्व मोजमापे कितीही काटेकोर असली तरी ती नेमकी कोणत्या पानाची, हे सांगता येत नाही. पेरूच्या बाबतीत हा धोका कमी आहे, हे त्याचे भाग्य.

दुसरा प्रश्न झाडाच्या कोणत्या भागाचे औषध करावयाचे, हा. कुड्याची साल काढावी लागते, आणि साल बेताबाहेर सोलली तर झाड मरते. अतिविष हा हिमालयातील उंच भागात उगवणाऱ्या एका वनस्पतीचा कंद. तो खणला की झाडच संपते, आणि आज ती वनस्पती दुर्मिळ झाली आहे. अतिविष न मिळाल्यास नागरमोथा घ्यावा, असे आयुर्वेदीय परंपरा सांगते. या अदलाबदलीला काही आधार आहे काय, याचा अभ्यास बंगळूरच्या या संस्थेतील संशोधकांनी केला व तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. पानांचे तसे नाही. पेरूची दहा-वीस पाने तोडल्याने झाडाचे काही बिघडत नाही आणि ती बारा महिने मिळतात. म्हणून पाल्याचे औषध सिद्ध झाले, तर ते गरिबाला परवडणारे आणि जंगलालाही न लुबाडणारे असेल.

आता अतिसार म्हणजे नेमके काय, हे पाहणे अवश्य आहे. कारण ‘जुलाब थांबविणे’ या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या क्रिया लपलेल्या आहेत. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात अन्न, पाणी, लाळ, जठररस, पित्त इत्यादी मिळून दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातील बहुतेक सर्व आतडी शोषून घेतात आणि शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटर पाणीच बाहेर जाते. शोषण थोडे मंदावले किंवा स्राव थोडा वाढला, तरी हा हिशेब पार बिघडतो. पटकीचा जंतू हे कसे करतो, याचा उलगडा कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये केला. त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरीही आतडे पाण्याने फुगले. म्हणजे जंतू स्वतः नव्हे, तर त्याने बाहेर टाकलेले विष हे कार्य करते. पुढील संशोधनावरून असे दिसून आले, की हे विष आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट स्निग्ध द्रव्याला चिकटते, पेशीत शिरते आणि क्लोराइड बाहेर टाकणारी द्वारे सताड उघडी ठेवते. क्लोराइडच्या मागोमाग सोडियम आणि पाणी वाहू लागते.

सर्वच जंतू असे वागत नाहीत. एश्चेरिकिया कोलाय या जंतूचे काही प्रकार पटकीसारखेच विष निर्माण करतात. त्याखेरीज उष्णतेनेही नष्ट न होणारे दुसरे एक विष त्यांच्यापाशी असते. काही प्रकार पेशींना नुसते चिकटून बसतात. काही प्रकार, आणि आमांशाचा शिगेला हा जंतू, थेट पेशींच्या आत घुसतात. तेथे दाह होतो, आव व रक्त पडू लागते. विषाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय जीव निराळेच. तेव्हा एखादा काढा ‘अतिसारावर चालतो’ असे म्हणताना तो यांपैकी कोणाची वाट कोठे अडवितो, हे सांगावयास हवे.

प्रयोगशाळांतून पाल्याच्या अर्काची जी परीक्षा सर्रास घेतली जाते, ती मात्र या प्रश्नाच्या जवळ फारशी जात नाही. तिची पद्धत अशी : उंदरांना प्रथम अर्क देतात, मग एरंडेल पाजतात, आणि काही तासांत किती पातळ विष्ठा झाली हे मोजतात. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला लोपेरामाइड हे औषध देतात. शिवाय कोळशाची पूड खाऊ घालून ती आतड्यात किती अंतर पुढे सरकली, हेही पाहतात. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परीक्षा थोड्या दिवसांत आणि थोड्या खर्चात पार पाडता येते, आणि तिच्या आधारे बंगळूरपासून लागोसपर्यंत असंख्य पानांना अतिसारनाशक ठरविण्यात आले आहे. परंतु एरंडेलाने होणारा जुलाब हा जंतूंचा नव्हे. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंना चेतविते आणि स्राव वाढविते, एवढेच. हा जुलाब जो अर्क थांबवितो, तो बहुधा आतड्याची हालचाल मंद करीत असतो. पटकीच्या विषापुढे किंवा शिगेलापुढे त्याचे काय चालेल, याविषयी उंदीर मूक राहतो. किंबहुना आतडी गप्प बसविणे लहान मुलांत धोक्याचे ठरते. जंतू आतच कोंडतात, आणि पाणी आतड्यात साचत असताना बाहेरून मात्र जुलाब थांबल्यासारखे दिसते. याच कारणाने लोपेरामाइडसारखी औषधे बालकांना देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अशा लेखांतून या परीक्षेच्या जोडीला दुसरी एक परीक्षा हटकून आढळते. ती म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक गुणाची. ऑक्सिजनचा वापर करताना शरीरात काही अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्यापाशी एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि तो जोडीदार मिळविण्यासाठी ते शेजारच्या रेणूंची मोडतोड करतात. जे द्रव्य त्यांना हवे ते देऊन शांत करते, ते प्रतिऑक्सिडीकारक होय. हा गुण मोजण्याची सोपी रीत १९५८ मध्ये ब्लॉइस या शास्त्रज्ञाने सुचविली. डीपीपीएच या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक रसायन स्वतःच स्थिर मुक्त मूलक असून त्याचा रंग गर्द जांभळा असतो. त्यात पाल्याचा अर्क टाकला, आणि अर्कात हायड्रोजन देऊ शकणारी द्रव्ये असली, तर जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो. रंग किती उतरला हे यंत्राने मोजून त्याची क जीवनसत्त्वाशी तुलना करतात.

ही परीक्षा दिसावयास मोठी मनोहर आहे. पण या कसोटीला उतरत नाही असा तुरट पाला सापडणे कठीण. चहा, डाळिंबाची साल, हिरडा, आवळा, पेरूची पाने, सर्वच हा रंग घालवितात. कारण तुरटपणा ज्यांच्यामुळे येतो ती टॅनिने आणि त्यांच्याच नात्यातील फ्लॅव्होनॉइड ही द्रव्ये हायड्रोजन देण्यात तत्पर असतात. पोटात गेल्यावर मात्र त्यांचा फार थोडा भाग जसाच्या तसा रक्तात शिरतो. आतड्यातील जंतू व यकृत त्यांचे रूप पालटून टाकतात. काचनळीत क जीवनसत्त्वाशी बरोबरी करणारा अर्क शरीरात तेच करील, असे म्हणता येत नाही. आतड्याच्या पोकळीपुरती गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही कबूल केले पाहिजे : तेथे ही द्रव्ये शोषली न जाता मोठ्या प्रमाणात पोचतात, आणि आमांशात सूज आलेल्या भित्तीचे काही रक्षण ती करीत असणे संभवते. पण याच मुक्त मूलकांच्या साहाय्याने पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात, हे विसरून कसे चालेल? टॅनिनांचा दुसरा एक गुण अधिक जुना व परिचित आहे. ती प्रथिनांना घट्ट बांधतात. कातडे कमावण्यासाठी हिरडा आणि बाभळीची साल वापरतात ती याचसाठी. आणि आतड्याच्या पृष्ठभागावरही तुरट काढा अशीच काहीशी क्रिया करीत असावा, असा तर्क आहे.

पेरूच्या पानातील क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड या दोन्ही परीक्षांच्या सांध्यावर उभे आहे. ते उत्तम प्रतिऑक्सिडीकारक आहे. शिवाय १९८९ मध्ये लटेरोड या संशोधकाने गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून असे दाखविले, की क्वेर्सेटिनामुळे ॲसिटिलकोलीन या चेतनाद्रव्याचे स्रवण कमी होते व आतड्याचे आकुंचन मंदावते. मेक्सिकोत पानांच्या चूर्णातील क्वेर्सेटिनाचे प्रमाण ठरवून त्याच्या कॅप्सूल रुग्णांना देण्यात आल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात पोटातील कळा कमी काळ टिकल्याचे आढळले. तेव्हा कोडे सुटल्यासारखेच वाटले : पान म्हणजे क्वेर्सेटिन, आणि क्वेर्सेटिन म्हणजेच गुण.

हे समीकरण तपासून पाहण्याचे काम महाराष्ट्रात झाले. डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईत स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेत तन्नाझ बिर्डी, पूनम दासवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या पानांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पाने आणली होती पुणे जिल्ह्यातील परिंचे खोऱ्यातून. या संशोधकांनी मद्यार्क किंवा अन्य द्रावक न वापरता, घरी करतात तसा पाण्यातला काढाच घेतला : १ ग्रॅम चूर्णास १६ मिलिलिटर पाणी घालून ते ४ मिलिलिटर उरेपर्यंत आटविले. हा निर्णय लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. मद्यार्कात जे द्रव्य उतरते ते पाण्यात उतरतेच असे नाही; आणि लोक पितात तो काढा पाण्याचा असतो.

त्यांनी उंदराला एरंडेल पाजले नाही. प्रत्येक जंतूला त्याच्या त्याच्या वाटेवर गाठले. काढा जंतू मारतो काय? शिगेला आणि पटकीचा जंतू यांच्याविरुद्ध तो परिणामकारक ठरला. जंतूंचे विष तो कमी करतो काय? पटकीचे विष आणि कोलायचे तत्सदृश विष, या दोहोंची निर्मिती काढ्याने घटली, आणि तयार झालेले विष पेशीवरील स्निग्ध द्रव्याला चिकटण्याचे प्रमाणही घटले. उष्णतेला दाद न देणाऱ्या विषावर मात्र त्याचा काहीच परिणाम झाला नाही. मानवी पेशींच्या संवर्धनावर जंतू सोडले असता चिकटणारा कोलाय कमी चिकटला, आणि घुसणारा कोलाय व शिगेला कमी प्रमाणात आत घुसले.

यानंतर हेच सर्व प्रयोग शुद्ध क्वेर्सेटिनावर केले गेले, आणि समीकरण मोडले. वापरलेल्या मात्रेत क्वेर्सेटिनाने जंतू मारले नाहीत, कोणत्याही विषावर परिणाम केला नाही आणि चिकटणेही थांबविले नाही. पेशींत घुसण्याला मात्र त्याने प्रतिबंध केला. म्हणजे काढ्याच्या अनेक गुणांपैकी एक गुण त्याच्या पदरात पडला. बाकीचे गुण पानातील अन्य द्रव्यांचे, किंवा त्यांच्या एकत्र असण्याचे. जांभळा रंग घालविणारे द्रव्य आणि अतिसार आवरणारे द्रव्य एकच असले पाहिजे, या समजुतीला यामुळे मोठाच धक्का बसला. केवळ क्वेर्सेटिन मोजून पेरूच्या पानांची प्रत ठरविणे अपुरे आहे, हा त्यातून निघणारा व्यावहारिक अर्थ.

याच चमूने २००९ मध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्याविषयी जे प्रसिद्ध केले, तेही येथे सांगण्यासारखे आहे. ज्या सहा जीवाणूंवर तो तपासला, त्यांपैकी एकालाही त्याने मारले नाही. पण त्यांचे पेशींना चिकटणे व आत घुसणे त्याने कमी केले, आणि पटकीच्या विषालाही आवर घातला. जंतूंना ठार न करता केवळ निःशस्त्र करणारे औषध असू शकते, हे एरवी ध्यानात आलेच नसते. जंतू मरतात की नाही एवढेच पाहणाऱ्याने बेलफळ निरुपयोगी म्हणून बाजूस सारले असते.

अतिसारात माणूस मरतो तो बहुधा जंतूंमुळे थेट नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आणि या हानीवरचा उपाय पानांत नाही. पटकीचे विष क्लोराइडची द्वारे उघडी ठेवते, परंतु ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत घेणारी यंत्रणा अबाधित राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिण्यास देण्याचे धाडस केले. पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आज मिळणाऱ्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. मुलांना त्याच्या जोडीला १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात. काढा द्यावयाचा झाल्यास तो या द्रावणाबरोबर, त्याच्याऐवजी नव्हे. शौचात रक्त दिसणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे किंवा त्याने पाणी न पिणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरकडे जाण्यास क्षणाचाही विलंब लावता कामा नये. तुरट काढे दीर्घकाळ घेत राहणेही इष्ट नाही. त्यांतील टॅनिने अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात, आणि आपल्याकडील स्त्रिया व मुले यांच्यात रक्तक्षय आधीच पुष्कळ आहे.

दुखणे झाल्यानंतर औषध शोधण्यापेक्षा ते टाळणे बरे, हे खरेच. आणि त्या दिशेनेही बंगळूरच्या संस्थेने एक नेटका प्रयोग केला आहे. कोलकात्याच्या पटकी व आंत्ररोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने तेथील संशोधकांनी पिण्याच्या पाण्यात अतिसाराचे जंतू मोजून सोडले व ते पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवले. नंतर त्यात एकही जिवंत जंतू मिळाला नाही, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळच खाली होते. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजीच्या तांब्याच्या घागरीला इतके स्पष्ट उत्तर मिळाले, कारण तिथे प्रश्न एकच होता.

पेरूच्या पानाला प्रश्न अनेक आहेत, आणि ते अद्याप संपलेले नाहीत. मुंबईच्या त्याच संस्थेने पुढे प्रौढ रुग्णांवर काढ्याचे परीक्षण केले. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काढा घेणाऱ्यांची प्रकृती लवकर पूर्ववत झाली, असे त्यात दिसून आले. हे परीक्षण उघड पद्धतीचे होते, म्हणजे कोणाला काढा मिळत आहे हे रुग्णाला व डॉक्टरला ठाऊक होते. आणि अतिसाराने ज्यांचे प्राण जातात ती बालके त्यात नव्हती. शिवाय पान सर्वत्र सारखे नसते. बंगळूरजवळ हेसरघट्ट येथील भारतीय उद्यान संशोधन संस्थेने ‘अर्का मृदुला’, ‘अर्का अमूल्य’ आणि ‘अर्का किरण’ अशा पेरूच्या जाती शेतकऱ्यांना दिल्या आहेत. त्या दिल्या गेल्या त्यांच्या फळांसाठी : गराची गोडी, बियांचा मऊपणा, गराचा रंग. परिंचे खोऱ्यातील पानांविषयी जे आढळले, ते या झाडांच्या पानांना लागू पडते की नाही, हे त्यांचा काढा त्याच जंतूंवर आणि त्याच पेशींवर तपासूनच ठरवावे लागेल.